सांधा एक्केचाळीस

सकाळी अकराला ना-९ला उकळायचं ठरलं होतं आणि डॉ. प्रभंजन उमाठे पावणेअकरालाच येऊन बसले होते. एरवी कुठल्याही बैठकीला अर्धा तास उशिरा येणारा हा माणूस, पण दुसऱ्याचं वाटोळं व्हायचं असलं की घड्याळाच्या आधी हजर.

ना-९ हा एक पेशीवंश होता. माणसाच्या शरीरातून काढलेल्या पेशी बशीत वाढवल्या तर काही पिढ्यांनी त्या मरून जातात. काही कॅन्सरपेशी मात्र मरत नाहीत, खायला घालत राहा, त्या वाढत राहतात. अशा एका मुळातून वाढलेल्या कुळाला पेशीवंश म्हणायचं. ना-९ तेहतीस वर्षं वाढत होता. नागपूरच्या पेशी-नियमन केंद्रात, खोल गोठवणीच्या टाकीत त्याच्या दोनशे बारा कुप्या होत्या आणि त्या कुप्यांवर डॉ. कुमुद देवतळे यांचं अख्खं आयुष्य उभं होतं. एकोणीस शोधनिबंध, एक औषध, दोन पुरस्कार आणि उमाठ्यांशी वैर.

दोघं एकाच गुरूंचे विद्यार्थी, एकाच वर्षीचे. एके काळी एका डब्यात जेवलेले. आता उमाठे औषध-परवाना मंडळाचे अध्यक्ष होते आणि ना-९ला 'संशयास्पद' ठरवून नष्ट करायचा हुकूम त्यांच्याच सहीचा होता.

"सगळ्या आहेत? मोजल्या?" उमाठ्यांनी विचारलं.

"दोनशे बारा," अस्मिता खोब्रागडे म्हणाल्या. केंद्राची पेशीपेढी त्या सांभाळत. "पाहिजे तर तुम्ही मोजा सर."

"मोजतोच."

"मोजा, मोजा," देवतळेबाई कडाडल्या. "एखादी मी पदरात लपवली असेल."

"तुमचा भरवसा नाही, मॅडम."

त्यांनी खरोखरच मोजल्या. तेवढ्यात चहा आला. वैरी असला तरी दारात आलेल्याला चहा विचारायची रीत देवतळेबाईंनी सोडलेली नव्हती. उमाठ्यांनी कपाला हात लावला नाही. डाव्या गालाला रुमाल लावून ते नुसते बसून राहिले. माझ्या चहातसुद्धा यांना विष दिसतं, असं बाईंच्या मनात आलं.

मंडळाच्या विधी अधिकारी भोयर मॅडम पंचनामा लिहायला आल्या होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मला एकदा साध्या भाषेत सांगा ना. मी नष्ट काय करतेय आणि का?"

"मी सांगते," देवतळेबाई म्हणाल्या. "तुमच्या डोळ्यातल्या पेशीत आणि टाचेतल्या पेशीत जनुकं अगदी तीच असतात. कुठली वाचायची आणि कुठली मिटून ठेवायची, एवढाच फरक. याला जनुक-नियमन म्हणतात. ते बिघडलं की कॅन्सर. ना-९मध्ये दोन गुणसूत्रं तुटली आणि चुकीच्या टोकांना जोडली गेली. त्या जोडाचं नाव सांधा एक्केचाळीस. त्यामुळे वाढीचं एक जनुक कायमचं उघडं पडलं. मी बनवलेला रेणू त्या सांध्याची नेमकी चोवीस अक्षरं शोधतो, तिथं चिकटतो आणि जनुक मिटवतो. निरोगी पेशीत तो सांधाच नसतो, म्हणून तिला धक्का लागत नाही."

कागदोपत्री या औषधाचं नाव होतं 'संधिदमक'. ऐकून लोकांना गुडघेदुखीचं औषध वाटे. म्हणून केंद्रात सगळे त्याला 'दटावणी'च म्हणत.

"आता माझंही लिहा," उमाठे म्हणाले. बोलताना ते तोंड अर्धवटच उघडत होते. "बशीत हा सांधा आहे. उंदरात आहे, कारण उंदरांना या पेशी यांनीच टोचल्या. माणसात कुठं आहे? चार वर्षांपासून देशातल्या प्रत्येक गाठीची सगळी जनुकं वाचली जातात. ते गाठवाचन मी सक्तीचं केलं. सहा लाख गाठी वाचून झाल्या. सांधा एक्केचाळीस किती जणांत सापडला, विचारा त्यांना."

भोयर मॅडमनी बाईंकडे पाहिलं.

"भोपळा," उमाठ्यांनीच उत्तर दिलं. "किल्ली सोन्याची असेल हो, पण ते कुलूप दुनियेत कोणाच्या दाराला नाही."

"गाठीतल्या मोजक्या मूळ पेशींत तो असतो. गाठवाचनात तेवढं बारीक दिसत नाही."

"पाहा! नाही सापडलं, तर म्हणे लपलं आहे. या पेशी यकृताच्या म्हणतात. यकृतासारख्या दिसत तरी आहेत का? विचारलं तर म्हणतात, कॅन्सरपेशी आपलं मूळ विसरते. या बाईंना खोटं पाडायची सोयच नाही."

"पाडायला निघाला होतात की! बारा वर्षांपूर्वी."

हा घाव वर्मी बसला. बारा वर्षांपूर्वी उमाठ्यांनी भर परिषदेत आरोप केला होता, की ना-९ ही भेसळ आहे. प्रयोगशाळेतल्या दुसऱ्याच कुठल्या पेशीवंशानं त्या बशीत घुसखोरी केली आहे. मग पेशीओळख चाचणी झाली. जगातल्या नोंदलेल्या नऊ हजार पेशीवंशांशी ना-९ ताडून पाहिला. एकाशीही जुळला नाही. देवतळेबाईंनी केंद्रभर पेढे वाटले आणि एक पुडा उमाठ्यांच्या घरी पाठवून दिला. वर चिठ्ठी होती, 'तोंड गोड करा.'

"चाचणी नाही जुळली," उमाठे सावकाश म्हणाले. "पण चौदा माणसं मेली, मॅडम. तुमची दटावणी घेऊन."

सहा वर्षांपूर्वी यकृताच्या कॅन्सरच्या चौदा रोग्यांना त्यांनी दटावणी दिली होती. एकालाही गुण आला नाही. त्यांच्यातली जनाबाई कुळमेथे गडचिरोलीकडच्या एका खेड्यातून आली होती. तिचा मुलगा सोमा तेंदूपत्त्याचा हंगाम सोडून तीन महिने दवाखान्याच्या व्हरांड्यात राहिला. शेवटच्या आठवड्यात जनाबाई बाईंचा हात धरून म्हणाली होती, "बाई, तुमचा औषध मले वळखतच नाही वाटते." बाईंनी तेव्हा तिच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं होतं आणि मात्रा थोडी वाढवली होती.

अकरा वाजता कुप्यांचा ट्रे दाबाच्या वाफेवर सगळं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये गेला. एकशे एकवीस अंश, वीस मिनिटं. झाकण उघडेपर्यंत उमाठे जागचे हलले नाहीत.

"औषधाच्या सहा कुप्या फ्रीजरमध्ये आहेत," जाताना बाई म्हणाल्या. "त्यांचं काय? त्याही उकळता?"

"त्या राहू द्या. तुम्हाला आठवण म्हणून." रुमालाआडून ते हसले असावेत, पण हसता हसता कळवळले. "तोंड आलंय," ते भोयर मॅडमना म्हणाले आणि निघून गेले.

त्यानंतर एकोणीस दिवसांनी, भर दुपारी, अस्मिता जिन्यावरून धावत वर आल्या. लिफ्टची वाट बघण्याएवढाही धीर त्यांना नव्हता.

"मॅडम, गाठवाचनातून सूचना आलीय. आपल्याला आजवर कधीच आली नव्हती अशी."

गाठ वाचून झाली की यंत्रणा आपोआप तिच्या खुणा देशातल्या सगळ्या औषधांशी ताडून पाहते आणि जुळलं तर त्या त्या केंद्राला कळवते. रोग्याचं नाव नसतं, फक्त क्रमांक. पडद्यावर लिहिलं होतं: सांधा एक्केचाळीस, गाठीतल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत. सुचवलेलं औषध: संधिदमक.

देवतळेबाई खुर्चीतून उठल्या, पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. वय बासष्ट, पण त्या क्षणी त्यांनी फुगडीसुद्धा घातली असती. "सांगत नव्हते मी? आहे! माणसात आहे! उमाठ्या, आता बोल की रे! कुठं गेला तुझा भोपळा?" त्यांचे डोळे भरून आले होते. "पेढे मागव गं अस्मिता. आणि एक पुडा—"

"मॅडम, आधी बसा."

"काय झालं?"

"गाठ यकृताची नाही. गालाची आहे."

"मग तर सोन्याहून पिवळं! एकाच अवयवापुरता नाही म्हणजे सांधा."

"ऐकून तर घ्या. सहा लाखांत एकही नव्हता, मग इथं प्रत्येक पेशीत कसा? म्हणून मी पेशीओळख लावून पाहिली. वीस खुणा असतात. एकसारखी जुळी भावंडं सोडली तर दोन माणसांच्या वीसच्या वीस जुळत नाहीत. या रोग्याच्या रक्ताच्या वीस खुणा मी ना-९च्या जुन्या नोंदीसमोर ठेवल्या." अस्मितांनी ती नोंद पडद्यावर पुढे आणली. "वीसच्या वीस जुळल्या. ना-९ ज्याच्या अंगातून आला, तो माणूस हाच."

"वेड लागलंय तुला. ना-९ नामदेव चापल्याच्या यकृतातून आला. ना म्हणजे नामदेव, बशी नववी. तो माणूस त्याच वर्षी गेला. कळमेश्वरला त्याच्या मयताला मी स्वतः गेले होते."

"म्हणून तर बसा म्हटलं."

बाई बसल्या. मग उठून कपाट उघडलं आणि तळातून आपले गुरू हळबे सर यांच्या काळातली नोंदवही काढली. नामदेव चापले, यकृत, बश्या एक ते नऊ. तिसऱ्या आठवड्यापर्यंत आठ बश्या मेल्या होत्या. नववी मात्र अचानक भराभरा वाढू लागली. त्या दिवशी सरांनी सगळ्यांना संत्राबर्फी दिली होती. नवव्या बशीच्या ओळीत नोंद होती, 'द्रव बदलला. प्र. उ.'

"तुला तोंडानं पिपेट ओढलेलं माहीत नसेल," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "आमच्या वेळी काचेची नळी असायची. एक टोक द्रवात, दुसरं तोंडात. ओढायचं, खुणेपर्यंत चढलं की वर बोट ठेवायचं. रबरी फुगे होते, पण सर म्हणायचे, ज्याला तोंडानं थेंब जमत नाही त्यानं किराण्याचं दुकान टाकावं. ते ओढणं म्हणजे आमच्यात हातखंड्याचं काम होतं. नळीच्या वरच्या टोकात कापसाचा बोळा घालायचा, म्हणजे तोंडातलं काही खाली जात नाही. प्रभंजनला त्या बोळ्याचा कंटाळा. आणि त्याच्या गालात कायम..."

"खर्रा?" अस्मितांनी विचारलं. नागपूरकर बाईला हे सांगावं लागत नाही. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या कागदात घोटून गालात धरायचा, तो खर्रा.

"डाव्या गालात. तिथं एक पांढरा चट्टा होता. आम्ही चिडवायचो त्याला."

"तो रोगी उमाठे सरच असतील, असं आपण कशावरून म्हणतोय?"

"मोज तूच. त्या महिन्यात त्या बश्यांना हात लावणारे तिघं. मी, सर आणि तो. ना-९ पुरुषाचा, हे आपल्याला पहिल्यापासून माहीत आहे. नामदेवही पुरुष, म्हणून कधी शंका आली नाही. मी बाई. सर जाऊन दहा वर्षं झाली. आणि ही गाठ गेल्या महिन्यातली आहे." बाईंनी वही मिटली. "राहिलं कोण?"

अस्मितांनी वही पुन्हा उघडून ती ओळ वाचली. "पण मग तेव्हाच त्या पेशीत सांधा होता, तर तेहतीस वर्षं ती गालात गप्प कशी बसली? बशीत तर लगेच उधळली."

"शेजारधाक," बाई म्हणाल्या. हा शब्द त्यांचाच. त्यांच्या पहिल्या निबंधातला आणि आता बहुधा एकटाच खरा उरणारा. "बिघडलेल्या पेशीच्या आजूबाजूला निरोगी पेशी असतात. त्या तिला सतत रासायनिक निरोप धाडतात, वाढू नको, गप्प राहा. उघडं जनुकही मग दबून असतं. बशीत शेजारी नसतात. तिथं धाक कुणाचा? गालात मात्र होता. पण वरून तेहतीस वर्षं खर्रा. शेजारी तरी किती दिवस टिकणार?"

एवढं बोलून त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. दटावणी चौदा जणांवर का चालली नाही, हे आता शाळेतल्या मुलालाही कळलं असतं. ते औषध एका माणसाच्या एका पेशीतल्या एका अपघातासाठी बनलं होतं. बाईंनी यकृताच्या कॅन्सरचा अभ्यास केलाच नव्हता. तेहतीस वर्षं त्या उमाठ्यांचा गाल अभ्यासत होत्या.

नियमाप्रमाणे अस्मितांनी रोग्याच्या डॉक्टरांना 'औषध जुळलं' एवढंच कळवलं. तिसऱ्या दिवशी उमाठे आले. एकटेच. तोंडात कापूस होता. गाठ जबड्याच्या हाडात गेली होती, मानेत दोन्ही बाजूंना पसरली होती. शस्त्रक्रियेची वेळ टळली होती. डॉक्टरांनी चार महिने सांगितले होते.

"मला वाटलं, यंत्रणेत चूक झाली," ते म्हणाले. "सहा लाखांत नाही आणि माझ्यात आहे? काहून?"

बाईंनी नोंदवही उघडून त्यांच्या पुढ्यात सरकवली आणि 'प्र. उ.'वर बोट ठेवलं. मग वीस खुणांचा कागद ठेवला. उमाठे शास्त्रज्ञ होते, वाईट असले तरी कच्चे नव्हते. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. कागदावरून त्यांची नजर वहीवर गेली आणि तिथंच राहिली.

"मला एवढंच सांगा," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं तुम्ही बोंबलत होतात, भेसळ आहे, भेसळ आहे. पुरावा नव्हता, चाचणी विरोधात गेली, तरी हटला नाहीत. एवढी खात्री कशी होती हो तुम्हाला?"

उमाठ्यांनी वही मिटली.

"बोला ना! मंडळात तर फार बोलता!"

"त्या दिवशी बोळा घातला नव्हता," अखेर ते म्हणाले. "खोकला आला. नळीतलं तोंडात आलं आणि तोंडातलं... परत बशीत गेलं. कोणी पाहिलं नाही. फेकून द्यायला पाहिजे होती बशी. पण आठ मरत आल्या होत्या, सर चिडलेले होते. म्हटलं, उद्या हीही मरेल, संपलं." त्यांनी कापूस नीट बसवला. "ती मेली नाही. सरांनी बर्फी वाटली. तू नाचलीस. मग कोणत्या तोंडानं सांगणार होतो, कुमुद?"

तेहतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बाईंना 'कुमुद' म्हटलं होतं. बाईंना त्याचा संतापच आला.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं!"

"त्याच नळीनं आधी दुसऱ्या पेशी ओढल्या होत्या. मला वाटलं, त्या गेल्या असतील. म्हणून तर सारखा म्हणत होतो, दुसऱ्या पेशीवंशांशी ताडून पाहा. नाही जुळल्या तेव्हा मीच वेडा झालो. माझ्याशी ताडून पाहा, हे माझ्या डोक्यात कसं येईल?"

"बशी बिघडली हे तरी माहीत होतं ना? एक वाक्य, प्रभंजन! एक वाक्य बोलला असतास तर मी दुसरी बशी लावली असती. दुसरं काही शोधलं असतं. चौदा जणांना ते पाणी टोचलं नसतं मी! जीभ झडली होती का तुझी?"

"आणि तू? पेशी यकृताच्या दिसत नाहीत, हे मी दहा वेळा सांगितलं. एकदा तरी ऐकलंस? तुझ्याकडे प्रत्येक गोष्टीला कारण तयार. लपलंय, विसरलंय!"

दोघंही उभे राहून ओरडत होते. बाहेर अस्मितांनी दार ओढून घेतलं.

मग उमाठे खाली बसले. दम लागला होता. कापसावर रक्त आलं होतं. "चालेल का ते?" त्यांनी विचारलं. "माझ्यावर?"

"चालेल. चालायलाच पाहिजे. गेली तेहतीस वर्षं दुसऱ्या कुणावर प्रयोग केलाय मी?"

"मग?"

बाईंनी मंडळाचा अर्ज काढला. उमाठ्यांनीच बनवलेला. औषध ज्या पेशीवंशावर सिद्ध झालं, त्याचं खरं मूळ त्यात प्रमुख संशोधकानं सहीनिशी लिहायचं. मूळ खोटं आढळलं तर त्यावर आधारलेले सगळे निबंध त्याच दिवशी रद्द. आणि औषधाची कुपी रोग्याला देण्याआधी जिवंत पेशीवंशावर तपासून घ्यायची.

"ना-९ तर..." उमाठे थांबले.

"उकळला. तुम्हीच. मोजून."

देवतळेबाईंना काहीच करायची गरज नव्हती. ओरडायचं नाही, भांडायचं नाही, नुसता अर्ज खणात ठेवून द्यायचा होता. चार महिन्यांनी उमाठे गेले असते आणि नोंदवही पुन्हा कपाटाच्या तळाशी. एकोणीस निबंध राहिले असते, नाव राहिलं असतं. आणि खरं सांगायचं तर हा माणूस मरावा असं त्यांना वाटत होतं. अगदी मनापासून वाटत होतं. वर्षानुवर्षं वाटत होतं, आज फक्त सोय झाली होती.

पण मनात येत होती ती जनाबाई. तुमचा औषध मले वळखतच नाही. चौदा जणांत तिला एकटीलाच खरं निदान करता आलं होतं. आणि बाईंनी काय केलं? मात्रा वाढवली.

त्यांनी पेन उचललं. 'पेशीवंशाचे मूळ' या रकान्यात लिहिलं: यकृत नव्हे. डावा गाल. प्रभंजन उमाठे. खाली सही केली. सही करताना उमाठे पाहत होते, याचाही त्यांना राग आला.

"एवढ्यानं संपत नाही," त्या म्हणाल्या. "चौदा घरी हे सांगायचंय. टपालानं नाही. आपण दोघांनी जाऊन."

"ही अट आहे?"

"अट नाही. आलात तरी औषध मिळेल, नाही आलात तरी मिळेल. पण सांगायला मी जाणार आहे, आणि तुमचं नाव घेऊन सांगणार आहे."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी उमाठ्यांच्या गालातला मुगाएवढा तुकडा काढून केंद्रात पाठवला. पाठोपाठ उमाठेही आले. बश्या तयार होत्या. बाईंनी नवी नोंदवही काढली आणि दात्याच्या रकान्यात त्यांना स्वतःच्या हातानं नाव लिहायला लावलं. पूर्ण नाव, आद्याक्षरं नाही. जुन्या सवयीनं उमाठे बशीजवळ सरकले.

"मागे व्हा," बाई म्हणाल्या. "या वेळी तोंड लावायचं नाही."

तीन आठवड्यांत पेशी वाढल्या. सहा कुप्या तपासून झाल्या, दटावणी सुरू झाली. पुढे जे घडलं त्यात नवल काहीच नव्हतं, जसं घडायला हवं तसंच घडलं. पाचव्या आठवड्यात गाठ निम्मी झाली. नवव्या आठवड्यात गाठवाचनात सांधा कुठं होता तेही सांगता येईना. उमाठे जेवू लागले, तोंड पूर्ण उघडून बोलू लागले. दहाव्या आठवड्यात एकोणीस निबंध रद्द झाल्याचं पत्र निघालं. त्यावर अध्यक्ष म्हणून त्यांचीच शेवटची सही होती. मग त्यांनी राजीनामा दिला.

मग दोघं जीपनं निघाले. सहा तासांचा रस्ता होता. पुढच्या सीटवर बाई, मागे उमाठे, मध्ये चौदा घरी हातात द्यायच्या लेखी कबुलीचे लिफाफे. सगळ्यात लांबचं घर आधी घ्यायचं, हे बाईंनी ठरवलं होतं.

सोमा कुळमेथे अंगणात होता. बाईंना त्यानं लगेच ओळखलं. बाज टाकली, पाणी दिलं. आतून कोरा चहा आला, दोन कप. बाईंनी चहाला हात न लावता सगळं सांगितलं. साध्या शब्दांत सांगितलं आणि स्वतःची चूक आधी सांगितली. मग उमाठ्यांनी आपली सांगितली. बोळा, खोकला, बशी. सांगताना ते जमिनीकडे पाहत होते.

सोमानं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे औषध खोटा नव्हता," शेवटी तो म्हणाला.

"नाही," बाई म्हणाल्या. "औषध खरं आहे."

"चालते?"

"चालतं."

"मंग कोणाले चालते?"

बाईंनी उमाठ्यांकडे पाहिलं. हे उत्तर त्या देणार नव्हत्या. उमाठ्यांनी मान वर केली. त्यांचा डावा गाल अगदी साफ होता, नुकताच दाढी केलेला.

"मला," ते म्हणाले.

सोमा काही वेळ त्या गालाकडे पाहत राहिला. मग वाकून त्यानं उमाठ्यांच्या पुढ्यातला भरलेला चहाचा कप उचलला आणि तो घेऊन घरात गेला.